बोटभर मुळं

उतारावरचा वाळा काढला तर फायदा कुणाचा, असं विचारलं असतं तर कुणीही बाईंचं नाव घेतलं असतं. व्हरांड्यात बसल्या बसल्या त्यांना पलीकडचं तळं दिसणार होतं. रोपवाटिकेवाल्याच्या सहाशे रोपांना गिऱ्हाईक मिळणार होतं, तेही खरं. पण मोठा लाभ व्हायचा होता काकांना, आणि ते या दोघांच्या मागे खुरपं धरून, चेहरा कोरा ठेवून उभे होते.

काका म्हणजे या घरचे माळी. बावीस वर्षं त्यांनी घरामागचा उभा उतार गुडघ्यांवर बसून खुरपला होता. वाळ्याचं गवत छातीएवढं वाढतं, पण दोन बेटांमधली जमीन उघडी राहते, आणि उघडी जमीन म्हणजे तणाचं माहेर. काकांचे गुडघे आता चढताना कुरकुरायचे आणि उतरताना शिव्या द्यायचे. जमीन झाकली गेली की खुरपणी संपणार होती आणि नोकरी आणखी पाच-सात वर्षं तरी टिकणार होती. नाहीतर बाई नवा माणूस बघणारच होत्या; दोनदा तसं बोलूनही दाखवलं होतं.

रोपवाटिकेवाल्यानं कुंड्या मांडल्या. "हा वेडेलिया. पिवळी फुलं, बारा महिने. फांदी जिथं टेकेल तिथं मूळ धरतो. हा शोभेचा भुईमूग, याच्याकडून शेंगांची आशा ठेवू नका. आणि हा रिओ, पानं खालून जांभळी. एकदा लावा आणि विसरून जा."

"उंची?" बाईंनी विचारलं.

"वीतभर. तुमच्या तळ्याच्या आड यायची नाही."

"आणि मुळं?"

हा प्रश्न आत्याचा. आत्या म्हणजे बाईंची नणंद. अर्धं घर तिच्या नावावर, पण राहायची उताराच्या पायथ्याच्या एका खोलीत, शिलाई मशीन आणि दोन मांजरांसोबत. डोंगर कापून ती खोली बांधली तेव्हा तिच्या वडिलांनीच हा वाळा लावला होता. गळ्यात टेप तशीच ठेवून ती पायऱ्या चढून वर आली होती.

"वन्सं, तुम्हाला झाडांतलं काय कळतं?"

"काही नाही बाई. आपल्या डोक्यावर काय लोंबतंय, एवढं कळतं."

"अहो, मुळंच मुळं!" रोपवाटिकेवाला म्हणाला. "जाळं विणतात जाळं." तो खोटं बोलत नव्हता. जाळं किती खोल, हे कुणी विचारलं नव्हतं.

आत्या काकांकडे वळली. "माळीबुवा, याचं दुकान आहे, हा बोलणारच. तू सांग. तू नको म्हणालास तर मी वहिनीला एक पातं उपटू देणार नाही. अर्ध्या घराची मालकीण आहे मी, उगाच नाही."

काकांनी एकदा नळ टाकताना वाळ्याचं बेट खणलं होतं. पुरुषभर खड्डा झाला तरी मूळ खाली चाललंच होतं. समोरच्या कुंडीतल्या वेडेलियाचं मूळ बोटभर. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तोंड उघडायच्या आत गुडघा ठणकला.

"धरेल की, आत्या."

"बघ हं. तुझ्या भरवशावर."

"हो की."

वाळा कापला तेव्हा काकांनी औषध टाकून खोडकी तेवढी मारली आणि मुळं आत तशीच राहू दिली. मेलेलं मूळही वर्ष-दोन वर्षं माती धरतं, तोवर वेडेलिया... तोवर वेडेलिया काय करणार होता, हे त्यांनी मनातल्या मनातही पुरं केलं नाही.

सहा महिन्यांत उताराला गालिचा अंथरल्यासारखं झालं. पाहुणे फोटो काढायचे, बाई कौतुक गोळा करायच्या, आणि काका ताठ उभे राहून नळीनं पाणी मारायचे. वाळ्यानं कधी पाणी मागितलं नव्हतं. हे लाडावलेलं हिरवं दोन दिवसांत मान टाकायचं. मग बाईंनी सकाळ-संध्याकाळचे फवारेच बसवले. आत वाळ्याची मुळं कुजत होती. कुजलेल्या प्रत्येक मुळाच्या जागी पोकळ नळी उरत होती, आणि तिच्यातून फवाऱ्यांचं पाणी थेट डोंगराच्या पोटात उतरत होतं.

दुसऱ्या वर्षी उताराच्या माथ्याला आडवी भेग पडली. बोट जाईल एवढी. काकांनी तिच्यात माती कोंबली आणि वर वेडेलियाच्या चार फांद्या खोचल्या. पंधरा दिवसांत भेग दिसेनाशी झाली. झाकणं हेच तर त्या झाडाचं काम.

"माळीबुवा, दार घासतंय रे माझं," आत्या एकदा म्हणाली. "मी जाडी झाले म्हणून तर नाही ना?"

"लाकूड फुगलं असेल," काका म्हणाले, आणि त्यांनी रंधा आणून दाराची कड तासून दिली. तासताना त्यांनी चौकट पाहिली. ती एका बाजूला कलली होती.

"किती झाले?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, आत्या!"

पुढच्या महिन्यात तीन दिवस संततधार लागली. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि भर दुपारी उतार सुटला. फारसा आवाजही झाला नाही. हिरवा गालिचा कुठेही न फाटता, फुलांसकट, अख्खा खाली सरकला आणि त्याच्यामागून डोंगर आला. आत्या मशीनवर बसली होती. काकांनी आधी हातांनी उकरलं, मग फावड्यानं. मग माणसं आली, तरी ते बाजूला होईनात. तिला काढेपर्यंत संध्याकाळ झाली. तिच्या गळ्यात टेप होती.

दोन दिवसांनी तहसील कचेरीतला माणूस वही घेऊन आला. "आधी कुणाला काही जाणवलं होतं? भेग वगैरे?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. बाईंना खरोखरच काही ठाऊक नव्हतं.

"नाही साहेब," काका म्हणाले. "पाऊसच तसा होता."

'अतिवृष्टी', असं त्यानं लिहिलं.

पुढे रोपवाटिकेवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी त्यानं तुटलेल्या कडेवर लावायला वाळा विकला, आणि वाळ्याची मुळं किती खोल जातात हे न विचारता सांगितलं. आत्याचं अर्धं घर बाईंकडे आलं. काकांची नोकरी टिकली. उरलेली जमीन सपाट असल्यामुळे कामही हलकं झालं. या तिघांच्या पदरचं काही गेलं नाही. भरलं ते सगळं आत्यानं, आणि या व्यवहारात तिला एकटीलाच काही मिळायचं नव्हतं.