कडी आतून हवी

बाईंनी सेविकेला प्लास्टिकचा मग फेकून मारला, म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर हलवायचं घाटत होतं. वरच्या खोल्यांना बाहेरून कुलूप असतं. तिथे गेलेलं माणूस पुन्हा खाली राहायला आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

असं काही ठरवायला बैठक घेतात, तेव्हा ज्याला हलवायचं त्या माणसाच्या शेजारी मी बसते, त्याची बाजू मांडायला. या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना माझी ॲलर्जी आहे, आणि मला त्यांची. माझं निम्मं काम म्हणजे प्रश्न विचारून तोंड बंद ठेवणं. नवरा म्हणतो, "बाहेर गप्प बसायचा पगार घेतेस, घरी थोडं फुकटात बस की."

बाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतरही त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द तोंडात यायला वेळ लागतो. तेवढा वेळ कोणाकडे नव्हता.

"बाई, तो मग का फेकलात?" मी विचारलं.

"मावशीला म्हणायचंय की तिला घरी जायचंय," बाईंचा भाचा म्हणाला.

"आजाराचाच भाग आहे हो. चिडचिड होते," व्यवस्थापक म्हणाले.

"मी बाईंना विचारलं. तुमच्यातल्या बाई कोण?"

व्यवस्थापकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बाईंच्या मानेची शीर ताठ झाली, ओठ हलले, मिटले. मलाही त्यांच्या तोंडात शब्द घालायचा मोह होत होता. मी जीभ दाताखाली धरून बसले.

"कडी," बाई म्हणाल्या. "बाथरूमला. आतून." मग बऱ्याच वेळाने, "मी... उघडी असते. त्या... घुसतात."

भाच्याने मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी असते तर नुसता मग नव्हे, भरलेली बादली फेकली असती, आणि हे मी तिथेच मोठ्याने सांगितलं.

"कडी नाही देता येत," व्यवस्थापक म्हणाले. "आत पडल्या तर?"

"अडीअडचणीला बाहेरून उघडता येते, अशी कडी मिळते. आणि दार वाजवून, 'ये' म्हटल्यावर आत जायला काय जातं हो?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. कडी लावतो, दारही वाजवतील. पण पुन्हा काही फेकलं, तर त्याच दिवशी वरचा मजला."

सौदा वाईट नव्हता. मी हो म्हणणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. धड राहिलेल्या त्या एका हातात भलतीच ताकद होती.

"नाही." या वेळी कोणी मध्ये बोललं नाही. "मी चुकले... तर वर. त्या चुकल्या... तर?"

व्यवस्थापक हसले. "म्हणजे सेविकांना शिक्षा करू?"

"नको." बाईंनी डोळे मिटून शब्द शोधला. "तुम्ही... यायचं. दाराबाहेर उभं राहून... माफी मागायची. आणि वरचा मजला... रद्द."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना जरा समजावेन, अशी आशा त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "बाई तुमच्याशी बोलतायत."

त्यांनी नाइलाजाने खुर्ची बाईंकडे वळवली. "मान्य," ते पुटपुटले.

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"ऐकू... आलं नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."