तेवीस सह्या

"ही चोविसावी," साहेबांनी कागद पुढे सरकवला. "जेवायच्या आधी उरकून टाका, मिस्त्री."

मिस्त्रींनी पेनाला हात लावला नाही. "लिफ्ट बघितलीय कुठं मी?"

"फोटो आहेत की!"

"कालच्या दोन इमारतींना एकच फोटो होता साहेब. तेलाचा डागसुद्धा तोच. तिथं कुणी जातं तरी का?"

साहेब हसले. "कशाला खोलात शिरता? तुम्ही सही करा."

अठ्ठावीस वर्षं मिस्त्रींनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. हात कायम काळे, गुडघे कामातून गेलेले. अशात या कंपनीनं बोलावलं. तपासनिसाची जागा, खुर्ची, डोक्यावर पंखा! माणूस हुरळून जाईल नाहीतर काय? बायको तेवढी म्हणाली होती, "अहो, तुम्हाला खुर्ची मानवायची नाही." ऐकतो कोण! जुन्या शेठांचा निरोप घेऊन मिस्त्री छाती फुगवून बाहेर पडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कंपनीला त्यांचे हात नकोच होते, हवं होतं फक्त लायसन्स. "आमची माणसं बघून येतात," या शब्दावर विसंबून या शहाण्यानं तीन महिन्यांत तेवीस सह्या ठोकल्या होत्या.

काल तो फोटो बघितल्यावर त्यांनी शेठांना फोन केला होता. "जागा भरली हो," शेठ कळवळून म्हणाले. "नवा माणूस लेकुरवाळा आहे. सांगा, त्याला काढू कसा?"

"छे, छे, काढू नका," मिस्त्री म्हणाले आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

आता ते उठले. सह्या केलेल्या इमारतींची यादी खिशात घातली. "साहेब, पहिली सही जिथली, तिथं जाऊन येतो."

"मिस्त्री! बसा खाली!"

बसतोय कोण?

इमारत आठ मजली होती. मिस्त्री चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. लिफ्ट वर आणून आत कुणी नाही हे बघितलं, मेन स्विच बंद केला. मग हातानं चाक फिरवत दोर थोडा थोडा पुढे घेतला आणि दर वेळी थांबून रुमाल दोराभोवती गुंडाळून ओढला. धड दोरावरून कापड सुळकन सरकतं. तार तुटलेली असली की ती धागा ओढते. डोळे चुकतील, फडकं चुकत नाही.

रुमाल वीतभर अंतरात चार जागी फाटला. या दोराच्या तपासणीच्या कागदाखाली मिस्त्रींचं नाव होतं, आणि तीन महिने माणसं लेकराबाळांसकट त्यावर लटकत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी थोबाडीत मारून घ्यावीशी. त्यांनी स्विचला कुलूप घातलं आणि साहेबांना फोन लावला.

"लिफ्ट बंद केलीय. नवा दोर पडल्याशिवाय किल्ली मिळायची नाही."

"कुणाला विचारून? उद्यापासून येऊ नका कामावर!"

"येणारच नव्हतो. आज एक झाली, अजून बावीस बघायच्यात. आणि सरकारच्या लिफ्ट खात्याला लिहून देणार आहे, माझ्या सह्या खोट्या म्हणून."

"तुमचंच लायसन्स जाईल, मूर्ख माणसा!"

"जाऊ दे की. मीच घालवलंय ते," मिस्त्री म्हणाले आणि फोन बंद केला.

उतरताना प्रत्येक मजल्यावर दार ठोठावून त्यांनी सांगितलं, "लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा." सहाव्यावरचे आजोबा खवळले. "चांगली चालत होती! तू आलास आणि बंद पाडलीस!"

"हो आजोबा, मीच पाडली."

तळाशी एक बाई उभी होती. कडेवर झोपलेलं मूल, हातात भाजीची जड पिशवी, बोट लिफ्टच्या बटणावर.

"बंद आहे ताई. दोर तुटायला आलाय."

"अगं बाई! कुणी तपासली नव्हती का?"

"नाही. सही मात्र केली होती. माझीच आहे ती."

बाईनं बटणावरचं बोट काढलं. "म्हणजे तुम्ही कंपनीतले?"

"सकाळपर्यंत होतो. कितवा मजला?"

"आठवा," ती चिडून म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्या हातातली पिशवी घेतली, कठड्याला धरलं आणि दुखऱ्या गुडघ्याचा पाय पहिल्या पायरीवर टाकला.