पाच नंबरची टोपी

उमरपुऱ्याच्या डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला मागे दोनच भोकं होती आणि गरज होती तीन भोकांची. हे गाऱ्हाणं डेअरीचे मंत्री वेलजीभाई चौधरी यांनी गावात इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकून ऐकून म्हशींनाही पाठ झालं असावं. मंत्री म्हणजे नुसता चिटणीस, तिकडे त्याला तसंच म्हणतात; पण वेलजीभाई चालायचे मात्र गांधीनगरहून आल्यासारखे. एका भोकात माउस, दुसऱ्यात वजनकाटा, आणि दुधातलं फॅट मोजणारं नवं यंत्र आपली वायर लोंबकळत ठेवून कोपऱ्यात उभं. कॉम्प्युटर मुळात शहरातल्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन आलेला. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता.

शेवटी आखात्रीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मेहसाण्याहून पिनाकीन त्रिवेदी आला. सोबत बॅग, बॅगेत तिसऱ्या भोकाचं कार्ड आणि कार्डापेक्षा जास्त गाठिया.

खिडकीपाशी त्या वेळी एकट्या दिवाळीबेन उभ्या होत्या. त्यांचं घर डेअरीच्या शेजारीच, म्हणून रांगेत रोज पहिला नंबर त्यांचाच. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. घरात माणूस म्हणावं तर त्या आणि जनावर म्हणावं तर कबरी नावाची एक गाय. कबरीचं फॅट बारा महिने तीन पॉइंट चार. सगळं गाव म्हशींचं, त्यात ही एक गाय. रांगेत मागच्या बाईची किटली रोज दिवाळीबेनच्या कमरेत टोचायची आणि त्या रोज कुरकुरायच्या, "अगं, माझ्या पाठीत ओतणार आहेस का?"

पिनाकीनने कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आतून एवढी धूळ निघाली की वेलजीभाईंनी धोतराचा सोगा नाकाला लावला. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी, खाली सोनेरी दातांची ओळ. ते दात खाचेत दाबताना पिनाकीनची जीभ बाहेर आली होती. कार्ड खट्कन बसलं. मग त्याने चिमटा घेतला आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक काळी टोपी कार्डावरच्या काट्यांच्या एका जोडीवरून उपटून दुसऱ्या जोडीवर बसवली.

"हे काय?" वेलजीभाई.

"टोपी, काका. चारवर होती, पाचवर बसवली. आता हिला हात लावायचा नाही."

"आणि लावला तर?"

"तर मग ती तुम्हाला टोपी घालेल."

पिनाकीनने पडद्यावरही पाच आकडा लिहिला, यंत्राची वायर नव्या भोकात खोचली आणि म्हणाला, "कोणाचं तरी दूध द्या." खिडकीत दिवाळीबेनच होत्या. त्यांचंच दूध घेतलं. पडद्यावर आलं तीन पॉइंट चार. पिनाकीनने टाळी वाजवली, गाठियाचा पुडा उघडला आणि संध्याकाळच्या बसने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डेअरीत पूजा झाली. सवाष्णींना बोलावणं होतं, दिवाळीबेनना नव्हतं. त्यांनी घरात बसून कबरीच्या शिंगांना तेल लावलं.

पहिल्या दोन-चार दिवसांत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग एका सकाळी कंकूच्या हाडं मोजता येतील अशा म्हशीचं फॅट आलं आठ पॉइंट दोन. कंकू तर खुळावलीच. दुसऱ्या दिवशी तेच भाग्य रईच्या वाट्याला आलं. बायकांची डोकी अशा कामात फार वेगाने चालतात. दोन्ही दिवशी पुढे कोण होतं? जेकोरमासी. म्हणजे गावातल्या सगळ्यांत मातब्बर म्हशीची मालकीण, जिचं फॅट एरवीही आठच्या खाली येत नाही.

झालं. जेकोरमासीला पायगुण आहे, असं ठरलं. तिच्या मागचा नंबर मिळवायला पहाटेपासून बायका येऊन बसू लागल्या. कोणी तिच्यासाठी ताक आणलं, कोणी तिची किटली उचलली, आणि एकीने तर तिच्या पायातल्या काट्याची चौकशी केली, जो मुळात नव्हताच. आठ दिवसांत जेकोरमासी देवळातून आल्यासारखी पावलं टाकू लागली.

पण पायगुण एकीचा चांगला म्हटला की दुसरीचा वाईट शोधावाच लागतो. तो सापडायला वेळ लागला नाही. दिवाळीबेनच्या मागे कंकू उभी राहिली आणि तिच्या म्हशीचं फॅट आलं तीन पॉइंट चार.

"तीन पॉइंट चार?" कंकू किंचाळली. "मंत्रीभाई, घरी म्हैस आहे की नळ?"

जेकोरमासीने किटली खाली ठेवली. "यंत्रात पहिलं दूध कोणाचं पडलं होतं, ते आठवा. आखात्रीजच्या तोंडावर! नाव तेवढं दिवाळी."

रांगेत कोणी हसलं नाही. ते दिवाळीबेनना जास्त लागलं.

वेलजीभाईंनी दोन दिवस मान खाली घालून काढले आणि तिसऱ्या दिवशी पंचांचा निर्णय सांगितला: दिवाळीबेनने सगळ्यात शेवटी यायचं. म्हणजे मागे कोणी राहायलाच नको. निर्णय सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

शेवटी म्हणजे दोन तास. वैशाखातले दोन तास, आणि डोक्यावर पत्र्याची पडवी. पहिल्या आठवड्यात एकदा दूध नासलं, दुसऱ्यात पुन्हा. वेलजीभाईंनी वास घेऊन किटली परत केली तेव्हा दिवाळीबेन ती उचलून निघाल्या. पण घरी जाऊन कबरीच्या मानेला मिठी मारून रडल्या. गायीचा दलाल एकदा अंगणात येऊन तिचे दात बघून गेला होता. आणखी एकदा दूध परत आलं, तर कबरीला ठेवणं परवडणार नव्हतं.

शेवटच्या माणसाला एक मात्र असतं, बघायला वेळ भरपूर मिळतो. दिवाळीबेन पडवीत बसून खिडकीच्या जाळीतून वेलजीभाईंकडे बघत राहायच्या. वेलजीभाईंना माउसचा भारी अभिमान. त्यांच्या बायकोने त्याला क्रोशाचं झाकणसुद्धा विणलं होतं. काम असो वा नसो, उजवा हात त्या माउसवर गरागरा फिरत असायचा. फक्त चहा आला की ते बशी दोन्ही हातांनी धरायचे. आणि चहा चालू असताना पायगुण बंद पडायचा! जेकोरमासीच्या मागे उभ्या असलेलीला आपल्याच म्हशीचा आकडा मिळायचा. दिवाळीबेननी हे तीनदा बघितलं, चौथ्यांदा खात्री केली, आणि वेलजीभाईंना सांगितलं.

"मंत्रीभाई, तुम्ही तो उंदीर चोळता ना, तेव्हाच आकडा अडकतो. आधीच्याचाच नंतरच्याला लागतो."

"बेन," वेलजीभाई म्हणाले, "यंत्राचं यंत्राला कळतं. तुम्ही दूध ओता."

तेवढ्यात शहरातल्या मोठ्या डेअरीतून चिठ्ठी आली. गावच्या कागदावर दूध एवढं घट्ट दिसतंय, मग टँकरमध्ये ते पातळ कसं होतं? आणि चिठ्ठीच्या पाठोपाठ पिनाकीन.

त्याने वेलजीभाईंना उठवून स्वतः खुर्ची घेतली. त्याला माउसची सवय नव्हती, तो सगळं बटणांवरच करायचा. मग काय, सकाळभर एकही आकडा चुकला नाही. जेकोरमासीच्या मागे नंबर लावायला रईने साडेतीनला उठून ताक घुसळलं होतं. तिला पाच पॉइंट नऊ मिळालं.

"मासी, आज काय झालं तुमच्या पायांना?" रई म्हणाली. "ताक परत करा."

"प्यायले मी ते," जेकोरमासी म्हणाली, पण जागची हलली नाही. असा अपमान अर्धा सोडून घरी कोण जाईल!

"काका, यंत्र उत्तम आहे," पिनाकीनने बॅगेची चेन ओढली. "शहरात सांगतो, टँकरवाल्याला पकडा."

खिडकीत आता शेवटचा नंबर होता. दिवाळीबेननी किटलीचं झाकण उघडून आधी वास घेतला. दूध अजून शाबूत होतं, पण फार वेळ राहिलं नसतं. त्यांच्या पुढे कंकूचं दूध मोजून झालं होतं, सहा पॉइंट आठ.

"भाई," त्या पिनाकीनला म्हणाल्या, "माझं ओतताना तो उंदीर जरा हलवाल?"

"कशाला, बेन?"

"हलवा तर. मंत्रीभाई हलवतात तसा. ताक घुसळल्यासारखा."

पिनाकीनने क्रोशाचं झाकण काढलं आणि माउस गरागरा फिरवला. दूध यंत्रात गेलं. पडदा थोडा थांबला आणि मग आकडा आला.

सहा पॉइंट आठ.

गप्प राहिल्या असत्या तर तो आकडा दिवाळीबेनच्याच नावावर लागला असता. त्या मोठ्याने म्हणाल्या, "बघा गं सगळ्या, माझी कबरी म्हैस झाली!"

पिनाकीनने माउस सोडून दिला. मग त्याने बॅगेतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. वेलजीभाई घाईघाईने म्हणाले, "उघडायची काय गरज आहे? फार धूळ आहे आत." पण झाकण निघालं होतं.

आत कार्डावर ठसठशीत कुंकू होतं. कुंकवाला अक्षता चिकटलेल्या. पाच नंबरच्या काट्यांवर लाल बोट उमटलेलं आणि काळी टोपी, आता लाल टोपी, शेजारी चार नंबरवर वाकडी बसलेली.

"काका," पिनाकीन म्हणाला, "हे काय आहे?"

वेलजीभाईंनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग एकदम सगळं ओकले. आखात्रीजची पूजा झाली, सगळे घरी गेले, पण त्यांच्या मनाला रुखरुख लागली. चांदलो, म्हणजे टिळा, बाहेरच्या पत्र्याला लागला होता आणि नवी वस्तू तर आत होती! घरात नवी सून आली तर कुंकू काय दाराच्या कडीला लावतात? म्हणून त्यांनी गुपचूप झाकण उघडलं आणि कार्डाला शुभ म्हणून टिळा लावला. अंगठा उचलला तर टोपी अंगठ्याला चिकटून वर आली. त्यांनी ती जिथे बसली तिथे बसवली.

"मग यंत्र मुकं झालं. म्हणून मी तुला फोन केला."

"आठवलं," पिनाकीनने कपाळावर हात मारला. "तुम्ही विचारलंत, पाचने चालत नाही, पडद्यावर चार लिहू का? मी खिचडी खात होतो. म्हटलं, लिहा."

"लिहिलं. चाललंही."

"चाललं! अहो, या कॉम्प्युटरला समजा एकच माणूस कामाला आहे. ज्याला काम असेल त्याने घंटा वाजवायची. चार नंबरची घंटा माउसची. तुम्ही यंत्राचीही दोरी तिलाच बांधलीत. माउस हलला की तो माणूस माउसकडे धावतो, यंत्र बोंबलत राहतं, आणि पडदा आधीच्याचाच आकडा छापून मोकळा होतो."

"म्हणजे माझा पायगुण?" जेकोरमासीने विचारलं.

"टोपीचा, मासी."

"आणि हिचा?"

 याचं उत्तर वेलजीभाईंना ठाऊक होतं आणि ते खाली बघत होते. गावात ज्या एकाच बाईला त्या कुंकवापासून लांब ठेवलं होतं, तिच्यावरच त्या कुंकवाचं खापर फुटलं होतं.

पिनाकीनने टोपी पुसून पाचवर बसवली, पडद्यावर पाच लिहिलं. मग वेलजीभाईंना खुर्चीत बसवून म्हणाला, "चोळा आता, किती चोळायचा तेवढा." दिवाळीबेनचं दूध पुन्हा मोजलं. वेलजीभाई माउस घुसळत होते, घाम गाळत होते. तीन पॉइंट चार. दूध नासलं नव्हतं. वेलजीभाईंनी ते स्वतःच्या हाताने मोठ्या कॅनमध्ये ओतलं.

संध्याकाळी सहाच्या रांगेला दिवाळीबेन सवयीने पडवीच्या टोकाला जाऊन बसल्या. वेलजीभाई खिडकी सोडून बाहेर आले. त्यांच्या हातात कुंकवाची वाटी होती.

"दिवाळीबेन, उठा. भवानी तुमची. आणि त्या आधी कॉम्प्युटरला चांदलो तुम्ही लावायचा."

"मी?" त्या म्हणाल्या. "मंत्रीभाई, माझ्या हाताने?"

"माझ्या हाताने लावलेला सगळ्यांनी बघितला," वेलजीभाई म्हणाले. त्यांनी वाटी पुढे केली. "चुकलं माझं, बेन. लावा. फक्त एवढं करा, बाहेरून लावा."

दिवाळीबेननी आठ वर्षांत कुंकवात बोट बुडवलं नव्हतं.  पत्र्याच्या पेटीवर त्यांनी मधोमध एक लहानसा टिळा लावला, बोट पदराला पुसलं आणि खिडकीत किटली ठेवली.

मागे कोणी नव्हतं. दोन-तीन हात जागा रिकामी होती आणि त्यापलीकडे सगळ्या जणी उभ्या होत्या. टोपीचं सगळ्यांना पटलं होतं, पण पहिलं पाऊल कोणी टाकायचं, हे ठरत नव्हतं. दिवाळीबेन मागे न वळता उभ्या राहिल्या. पडद्यावर तीन पॉइंट चार आलं. त्या किटली उचलायला वाकल्या.

तेवढ्यात त्यांच्या कमरेत कसला तरी गार, कडक काठ टोचला.

"सरक गं लवकर," मागून जेकोरमासी खेकसली. "माझं दूध काय तुझ्या पाठीत ओतू?"

दिवाळीबेन कुरकुरल्या नाहीत. उलट जरा वेळ तशाच राहिल्या.