पाण्यातली लाईट

शिंपीकाकूंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती. मधोमध टेबल, टेबलावर दोन काचेचे पेले आणि मागे पांढऱ्या कपड्यांतला एक गुटगुटीत माणूस. लोक त्याला जलगुरू म्हणत. मी मनात पाणीबुवा म्हणत असे, पण ते मोठ्याने म्हणायचाही मला कंटाळा होता. आई गेल्यापासून कशाचंच काही वाटत नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवायचं, घरी येऊन भाजी चिरायची, झोपायचं. त्या दिवशीही दादाने ओढलं म्हणून आले होते.

"हे मेलेलं पाणी," बुवाने पहिला पेला पुढे केला. "तुमच्या गंजक्या लोखंडी पाइपातलं. तेज संपलंय यातलं." झोळीतून बल्ब काढून त्याने तो काचेच्या बाजूने धरला आणि खालचं टोक पाण्याला लावलं. काही झालं नाही. "आणि हे माझ्या जागृत पाइपातून आलेलं जिवंत पाणी." दुसऱ्या पेल्यात बल्ब बुडाला आणि लख्ख पेटला. ना वायर, ना बटण.

"लाईट आली," कुणीतरी पुटपुटलं. मग अंगणभर तेच, लाईट आली, लाईट आली.

घोळ इथेच होता. आपण बल्बला लाईट म्हणतो, उजेडाला लाईट म्हणतो आणि तारेतल्या विजेलाही लाईटच. बुवाने एक दाखवली, लोकांनी तिन्ही घेतल्या.

बुवाचा पट्टा चालूच होता. "पाणी म्हणजे लहरी, लहरी म्हणजे शक्ती, शक्ती म्हणजे लाईट. धरणावर वीज कशातून काढतात? पाण्यातूनच ना? मग तुमच्या नळानेच काय घोडं मारलंय? घरभर माझे पाइप टाका. लाईट गेली तरी पंखा, फ्रिज, मशीन, सगळं पाण्यावर."

मशीन म्हटल्यावर दादाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या आप्पांना दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते भिंतीतल्या प्लगवर चालतं आणि लाईट गेली की बंद पडतं. म्हणून इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी बसवायची ठरली होती. वायरमन दुसऱ्या दिवशी येणार होता.

"वायरमनला मी नको म्हणून कळवलंय," दादा म्हणाला. "बुवांचेच पाइप घेऊ. पाणी सुधारेल आणि लाईटचीही सोय होईल."

"आणि आप्पा?"

"आप्पांसाठीच करतोय ना." मग तो खाली बघत म्हणाला, "बुवा म्हणाले, आई त्या मेलेल्या पाण्यानेच गेली. पाइप बदल, पाइप बदल म्हणून किती मागे लागली होती ती. मी आपला आज करू, उद्या करू."

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. फक्त आप्पांच्या नाकातली नळी डोळ्यांपुढे आली आणि पाय टेबलाकडे निघाले.

"बुवा, वडिलांचं मशीन आणते. या पेल्यावर चालवून दाखवा."

"ताई, लहरींची परीक्षा घ्यायची नसते. त्या रुसतात."

"बरं, मशीन राहू दे. एवढंच सांगा, हा पेला अर्धा का आणि तो काठोकाठ का?"

"मेलेलं पाणी कोण भरभरून ठेवील?" बुवा हसला. लोकही हसले.

मी शिंपीकाकूंना त्यांच्याच नळाचं पाणी आणायला सांगितलं. त्यांचे पाइप आमच्याइतकेच जुने, त्यामुळे पाणी तांबूस आलं. त्याने मी अर्धा पेला काठापर्यंत भरला आणि टेबलावरचा बल्ब उचलला. बुवा "अहो, अहो" म्हणेपर्यंत तो धातूच्या आट्यांपर्यंत बुडवलासुद्धा. बल्ब तस्साच पेटला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "माझं मेलेलं उठून बसलं की."

मी बल्ब पुसला. बोटं ओली केली, एक खालच्या टोकावर ठेवलं आणि एक आट्यांवर. बल्ब माझ्या हातात पेटला.

"आता माझ्या अंगात आलं म्हणायचं का?" मी विचारलं. "हा दुकानात मिळणारा बल्ब आहे. याच्या आत छोटी बॅटरी असते. घरच्या होल्डरला लावला की ती भरते. टोक आणि आटे पाण्याने किंवा हाताने जोडले गेले की बल्बला वाटतं, आपण होल्डरमध्येच आहोत आणि लाईट गेलीय. मग तो स्वतःच्या बॅटरीवर पेटतो. पाणी फक्त दोन टोकं जोडतं. अर्ध्या पेल्यात बुवांनी टोक भिजवलं आणि आटे कोरडे ठेवले. या बॅटरीवर आप्पांचं मशीन एक श्वासही देणार नाही."

बुवा झोळी आवरू लागला. "विज्ञान जिथे संपतं ना ताई, तिथे—"

"ते संपेल तेव्हा संपेल," काकू म्हणाल्या. "तुमचे पाइप टाकायला तुम्ही माझी मोरीची भिंत फोडून ठेवलीय, ती आधी बुजवा. मग जा कुठे जायचं तिथे."

लोक पांगले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दादा पायरीवर बसून राहिला होता. मी शेजारी बसले.

"म्हणजे आई पाण्याने नाही गेली?"

"नाही रे. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. पाइपांना गंज आहे, ते बदलायचेच, प्लंबर बोलावून. पण आई त्यामुळे गेली नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो तोंडावर हात ठेवून रडला. मला त्याचं फार वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं. त्या माणसाने माझ्या भावाच्या दुःखात हात घालून आपला माल खपवू पाहिला होता, हे जाणवलं आणि मग रागही आला. थोडा उशिरा आला, पण आला.

म्हणून सांगते. चमत्कार बघायला जरूर जा, पण हात जोडण्याआधी दोन्ही पेले सारखे भरायला सांगा. भरणारा चिडला, तर समजून जा आणि घरी या. दुःखात असाल तर बरोबर कुणालातरी न्या, कारण तेव्हा अर्धा पेला आपल्याला दिसत नाही.

दादाने वायरमनला पुन्हा बोलावून इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवून घेतली. त्यानंतर एका दुपारी गल्लीतली लाईट गेली. दादा धावत आप्पांच्या खोलीत गेला, मीही मागोमाग. मशीन चालू होतं.

"लाईट गेली, आप्पा," दादा धापा टाकत म्हणाला.

आप्पांनी डोळेही उघडले नाहीत. "मग दोघं धावताय कशाला? झोपू द्या मला."