बोकडउडीचा रंग

"मान हलवू नका. माझ्याकडे बघायचं तर नुसते डोळे फिरवा."

ओल्या खडकाखाली, मुळांच्या जाळ्यात आडव्या पडलेल्या माणसाने डोळे फिरवले. लुडविक मेर्काच त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला होता. एक वळण खाली तो चरात साचलेला पाला उपसत असताना वरून काहीतरी जड आदळल्याचा आवाज आला होता आणि फावडे टाकून तो धावत वर आला होता. सायकल झुडपात अडकली होती. तिचे पुढचे चाक अजून सावकाश फिरत होते.

त्याने बचाव पथकाला फोन लावला. धुके किती आहे, असे पलीकडच्या बाईने विचारले. लुडविकने वर पाहिले, तर वीस पावलांवरचे झाड दिसत नव्हते. मग हेलिकॉप्टर येऊ शकणार नाही, ती म्हणाली. माणसे स्ट्रेचर घेऊन पायी निघतील, दोन तास तरी धरा.

लुडविकने आपली पिशवी आणि स्वेटर हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना घट्ट लावले. अंगातला कोट काढून त्या माणसाच्या पायांवर घातला आणि तिथेच त्याच्या कमरेशी बसला. यापलीकडे त्याला करण्यासारखे काही नव्हते.

माणसाचे नाव एव्गेन कुझ्मा. तो पार पूर्वेकडच्या मुर्स्का सोबोताजवळचा, सपाट मुलखातला. बेकरीची गाडी चालवायचा. चव्वेचाळीस वर्षांचा. सायकल घेऊन तीनच वर्षे झाली होती. बोलत राहिले की बरे वाटते म्हणाला, म्हणून लुडविकने त्याला बोलू दिले.

"आमच्याकडे डोंगर म्हणजे नदीचा बांध," एव्गेन म्हणाला. "त्याच्यावरच चढउतर करत शिकलो. बायको म्हणते, बेडूक हसत असतील तुला."

सपाटीच्या लोकांवर या खोऱ्यात पुष्कळ विनोद होते. लुडविकला त्यातला एकही आठवेना.

"पाय सरळ आहेत ना माझे?"

"आहेत," लुडविक म्हणाला. उजवा पाय गुडघ्यातून भलतीकडेच वळला होता.

"जरा हात लावून बघता?"

लुडविकचा हात मघापासून त्याच्या डाव्या गुडघ्यावरच होता. त्याने तो जोरात दाबला.

"लावलात की सांगा," एव्गेन म्हणाला.

लुडविकने हात काढून घेतला. थंडीने बधिर झाले असतील, असे काहीतरी तो पुटपुटला. झाडांवरून पाणी टपटपत होते.

"ही लालच वाट ना? मी वर पाटी बघून घेतली. दोनदा बघितली."

"लाल."

"मग माझंच चुकलं. वर्षभर लाल वाटा करतोय. वाटलं होतं, आता येतं आपल्याला."

इथे लुडविकने बोलायला हवे होते. तो बोलला नाही.

ही वाट त्यानेच खोदली होती. तरुणपणी तो खोऱ्यातल्या शिशाच्या खाणीत होता. खाण बंद झाल्यावर लाकडाच्या वखारीत गेला आणि गेली सोळा वर्षे नगरपालिकेच्या सायकलवाटांची राखण करत होता. डोंगरावर चार रंगांच्या वाटा होत्या. हिरवी लेकरांची, निळी हौशी माणसांची, लाल सरावलेल्यांची आणि काळी ज्यांचा हात पक्का त्यांची. ही वाट, बोकडउडी, काळी होती. दोन उन्हाळे कुदळीने खणून त्याने ती काढली, तेव्हाच मुळी तिची पाटी काळी रंगवली होती. अकरा वळणे संपली की छातीइतका उंच खडक यायचा आणि खडकाखाली मुळे. कोरड्यात एक वेळ निभायचे. ओल्यात ती मुळे साबणासारखी व्हायची.

मागच्या वसंतात पालिकेच्या पर्यटनखात्याच्या डाम्यानने बाहेरून एक तज्ज्ञ आणला. खोऱ्यात काळ्या वाटा तीन आणि लाल एकच होती, आणि हॉटेलांत उतरणारे बहुतेक लोक लालच मागत. तज्ज्ञाने उतार मोजला, खडक मोजला, नियमांचे पुस्तक उघडले आणि ही लाल बसते म्हणाला. लुडविकने सांगून पाहिले, की तुम्ही कोरड्या दिवशी आलात, हा खडक वर्षाचे दोनशे दिवस ओला असतो. डाम्यान वाईट माणूस नव्हता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "लुडविक, पुस्तकात ओल्याचा रकाना नाही." आठवड्याने नवी पाटी आली. ती ठोकणे लुडविकचे काम होते. त्याने ती ठोकली.

माणसे पोचायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. तोवर एव्गेनचे दात वाजायला लागले होते आणि बोलणे थांबले होते. त्याला स्ट्रेचरवर बांधून सहा जणांनी खाली नेले. लुडविक पुढे चालत फांद्या बाजूला धरत होता.

तिसऱ्या दिवशी इस्पितळातून कळले, की पाठीचा कणा मोडलाय, माणूस जगेल, पण चालणार नाही. त्याच दुपारी लुडविक रंगाचा डबा घेऊन वर गेला आणि त्याने पाटी काळी करून टाकली. सोमवारी डाम्यान स्वतः डोंगर चढून आला. तो रागावला नाही, उलट थकल्यासारखा दिसत होता. चौकशी चालू असताना रंग बदलला तर आपणच चूक कबूल केल्यासारखे होईल, वकिलांचे तसे म्हणणे आहे, असे त्याने सांगितले. सोबत नवी लाल पाटी आणली होती. या वेळी खिळे त्याने स्वतःच मारले.

चौकशीत लुडविकला वीस मिनिटे बसवले. वाट काळी आहे, हे त्याने तीनदा सांगितले. समोरच्या बाईने ते लिहून घेतले. मग तिने विचारले, पाटी कुणी लावली? मी. दर सोमवारी वाटा तपासून सगळे ठीक असल्याची सही कोण करतो? मी. अपघाताच्या आदल्या सोमवारी केली होती का? केली होती. तिने आणखी काही विचारले नाही. महिन्याने निकाल आला. वाटेचा दर्जा नियमांप्रमाणे होता, चालवणाऱ्याचा अंदाज चुकला. लुडविकला कुणी दोष दिला नव्हता. तो कागद त्याने बायकोपुढे, झोफ्कापुढे ठेवला.

"तू खिळे मारले नसतेस, तर दुसऱ्या कुणी मारले असते," ती म्हणाली.

तिला धीर द्यायचा होता, हे त्याला कळत होते. पण मारले त्यानेच होते.

ऑक्टोबरात एके सकाळी एक बाई त्याच्या दारात आली. पायांत शहरी बूट, हातात बेकरीची कागदी पिशवी. व्हेरोना कुझ्मा, असे तिने नाव सांगितले. ती जागा मला बघायची आहे, म्हणाली. झोफ्काने तिला आत बोलावून कॉफी दिली. ती कॉफी तिने उभ्यानेच प्यायली.

दोघे वाटेच्या वरच्या टोकापासून चालत निघाले. उतारावर तिचे बूट घसरत होते, तेव्हा काही न विचारता तिने लुडविकचा दंड धरला. वाटेत ती थोडेच बोलली. एव्गेनला आता खुर्चीत बसता येते, दाराचे उंबरे काढून घेतले, बेकरीवाल्याने त्याला फोनवर मागण्या घ्यायचे काम दिले आहे. चिडतो का, असे लुडविकने विचारले. ती म्हणाली, चिडला असता तर बरे झाले असते.

खडकापाशी आल्यावर ती वर थांबली नाही. बाजूने उतरून खाली मुळांपाशी उभी राहिली. खडक नेहमीसारखा ओला होता.

"एवढाच?" ती म्हणाली.

तिने बुटाच्या टोकाने एक मूळ दाबून पाहिले.

"तो रोज एकच बोलतो. लाल वाटसुद्धा जमली नाही मला. काळी असती, तर म्हणता आलं असतं, नको तो नाद केला. पण लाल तर सगळ्यांनाच जमते. पायांबद्दल बोलत नाही. हेच बोलतो."

लुडविकने टोपी काढली आणि उगाच हातात धरून ठेवली. मग म्हणाला, "ही लाल नाही."

तिने त्याच्याकडे पाहिले.

"ही काळी आहे. मी खोदली तेव्हापासून काळी. वरून हुकूम आला आणि मी लाल पाटी लावली. त्या दिवशी तो विचारत होता आणि मला सांगता आलं नाही."

ती रडेल, ओरडेल, काय वाटेल ते बोलेल, अशा तयारीने तो उभा होता. तिने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला.

"मला काय सांगताय? त्याला सांगा."

पलीकडे घंटा दोनदा वाजली. एव्गेनने मागणी घ्यायच्या आवाजात हॅलो म्हटले. लुडविकने आपले नाव सांगितले, मग तेच सांगितले, जसे तिला सांगितले होते तसे, अडखळत.

लाइन तुटली की काय, म्हणून लुडविकने फोन कानापासून दूर नेऊन पाहिला.

"काळी?" एव्गेन म्हणाला.

"काळी. खोऱ्यातली सगळ्यात अवघड."

"आणि मी कुठपर्यंत आलो होतो?"

"अकरा वळणं. सगळी अकरा. त्यातलं सातवं तर इथल्या पोरांनाही पाय टेकल्याशिवाय घेता येत नाही."

"मी टेकला नव्हता," एव्गेन म्हणाला. "सातव्याला डावीकडे तुटलेलं झाड आहे ना? मी पाय टेकला नव्हता."

"मग चांगलंच घेतलंत."

व्हेरोना थोडी लांब जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली होती. फोनमध्ये एव्गेनचा श्वास ऐकू येत होता. लुडविकला वाटले, आता तो पाटीबद्दल विचारेल, हुकूम कुणाचा होता ते विचारेल.

"खडकाच्या पुढे काय आहे?" एव्गेनने विचारले.

"पुढे?"

"मी बघितलंच नाही ना. पुढचं सांगा. खालपर्यंत."

लुडविक खालच्या वाटेकडे वळला. खडक उतरला की उजवीकडे रेलायचं, तो म्हणाला, मुळं आडवी घ्यायची नाहीत, सरळ घ्यायची. मग दोन आखूड वळणं, लागोपाठ. मग लार्चच्या झाडांचं रान लागतं, तिथे गळलेल्या सुयांसारख्या पानांनी जमीन मऊ असते, चाकाचा आवाजसुद्धा येत नाही. मग ओढा. त्यावर तीन फळ्यांचा पूल आहे, मीच घातलेला, ओला असला तरी घसरत नाही.

प्रत्येक टप्प्याला पलीकडून "हं" येत होते.

"पूल ओलांडला की रान संपतं," लुडविक म्हणाला. "समोर एकदम कुरण. उतार अगदी हलका. खाली गाव दिसतं."

"तिथे ब्रेक सोडायचे ना?"

"सोडायचे," लुडविक म्हणाला. "दोन्ही."