यानामचं रुक्मिणीकल्याण

कॅन्सरमुळे दासुगारूंचं स्वरयंत्र काढलं आणि आंध्रातल्या गोदावरीकाठची हरिकथा मुकी झाली. त्यांच्यामागे बसून मी जन्मभर मृदंग वाजवला. देवाने नेमका तोच कंठ का मागून घ्यावा, हे मला अजून कळलेलं नाही.

मोठ्या एकादशीला आमच्या वेणुगोपाळाच्या देवळात दरवर्षी दासुगारू रुक्मिणीकल्याण, म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची कथा, सांगायचे. आधी अक्षता वाटत, आणि कथेत लग्न लागलं की सगळा मांडव त्या उधळायचा. यंदा त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'कॉम्प्युटरमधलं रेकॉर्डिंग लावा. द्राक्षारामचं.' द्राक्षाराम गावी त्यांचा आवाज असा लागला होता की मी वाजवायचं विसरलो होतो. तो आवाज गावाने पुन्हा एकदा ऐकावा, एवढंच त्यांना हवं होतं.

कॉम्प्युटर त्यांनी आपल्या पद्धतीने लावला होता. गावाचा एक फोल्डर, आत तिथे सांगितलेल्या कथा. फाइलला नाव फक्त कथेचं. कोळ्यांच्या गावात कृष्णाचा रथ वाळूत रुते, विणकरांच्या गावात रुक्मिणीच्या साडीचं वर्णन संपता संपत नसे. त्यामुळे गाव कळलं की पुरे.

"फणी, द्राक्षाराम कुठे दिसत नाही रे," मी म्हटलं. फणी त्यांचा मुलगा, हैदराबादला नोकरीला; मला बाबाय, म्हणजे काका, म्हणायचा. ऑपरेशनसाठी आला होता, आणि बसल्या बसल्या त्याने कॉम्प्युटर आवरला होता.

"गावांचे फोल्डर काढले, बाबाय. सगळ्या कथा एका जागी आणल्या. आता शोधायचं कामच नाही."

खरंच नव्हतं. रुक्मिणीकल्याण एकच होतं.

"बाकीची?"

"बाकीची कुठली? नाव तेच. या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं कॉम्प्युटर विचारत होता. मी सगळ्यांना हो म्हटलं. एकाच कथेच्या इतक्या प्रती..." बोलता बोलता तो थांबला.

त्याची आई दारात उभी होती. "कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलाचं नावही फणीच आहे," ती म्हणाली. "त्याला आणते घरात. तू जा तिकडे."

रेकॉर्डरमधलं कार्ड पुसून पुन्हा वापरायची दासुगारूंची सवय, म्हणून तिथेही काही नव्हतं. काकिनाड्याच्या दुकानदाराने डिस्क तपासली. मोकळ्या झालेल्या जागेत फणीने आपल्या लग्नाचा व्हिडिओ भरून ठेवला होता. "त्याच्याखाली आता काही उरलं नाही अण्णा," दुकानदार म्हणाला.

फणीने सर्वांत शेवटी यानामचा फोल्डर उचलला होता, म्हणून यानामचं तेवढं राहिलं. ती दासुगारूंची शेवटची कथा, घसा बिघडल्यावर सांगितलेली.

"नान्ना, हे नको लावू या," फणी वडिलांना म्हणाला.

दासुगारूंनी पाटी ओढली. 'लोकांना बोलावलंय. लावा.'

मांडव भरला. अक्षता वाटल्या गेल्या. दासुगारू पुढे बसले, चिपळ्या मांडीवर. रुक्मिणीचा निरोप घेऊन ब्राह्मण द्वारकेला पोचला तेव्हाच आवाज फाटत होता. कृष्णाने रथ जुंपला, आणि खोकला आला. त्यांनी पुन्हा ओळ धरली, पुन्हा खोकला. त्यांना दम मिळावा म्हणून रेकॉर्डिंगमधला माझा मृदंग थोडा वेळ एकटाच वाजत राहिला. मग तोही थांबला.

कोणी उठलं नाही. पुजारी पेटलेली आरती घेऊन उभा होता. लग्न लागल्याशिवाय ती ओवाळायची कशी? "आता काय करायचं दासुगारू?" सवयीने तो विचारून गेला, आणि मग त्याने मान खाली घातली.

बायकांनी अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या आणि एकेक करून त्या निघाल्या. दासुगारू बसून राहिले. फणी त्यांच्या पायाशी होता, मुठीत तांदूळ तसेच धरून.