मुजाहमत पंचावन्न

"ये लिखावट किसकी है?" जमादाराने वही वहाबच्या नाकासमोर धरली.

वहाबने चष्मा पुसण्यात वेळ काढला. त्याची काही गरज नव्हती, आपले अक्षर कुणाला ओळखू येत नाही? चौकीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बद्रीनाथ बसला होता. त्याचा ओठ फुटला होता.

वहाब गिरणीत वीस वर्षे वायरमन. हाताखालच्या बद्रीनाथला बढतीची परीक्षा द्यायची होती, म्हणून दुपारच्या सुटीत तो त्याला वहीत गणिते घालून देई. परीक्षा उर्दूतून, तेव्हा शब्दही उर्दूच. तारेत विजेला जो अडथळा होतो त्याला मुजाहमत म्हणायचे. दोनशेवीस व्होल्टच्या शेगडीतून चार अँपिअर जात असतील तर भागाकार करा, मुजाहमत आली पंचावन्न. गुणाकार करा, ताकत आली आठशे ऐंशी. इतके सोपे. पण साल होते अठ्ठेचाळीस. संस्थानात निजामाविरुद्ध लोक उठले होते, आणि त्यांच्या विरोधालाही मुजाहमतच म्हणत. नाक्यावरच्या झडतीत बद्रीनाथकडे ती वही सापडली आणि जमादाराला तीत पंचावन्न बंडखोर दिसले.

"पचपन कौन-कौन हैं, बोल. और आठ सौ अस्सी की ताकत किधर छुपाये?" हेच तो सकाळपासून बद्रीनाथला विचारत होता, आणि आता अक्षर ओळखायला त्याने गिरणीतून वहाबला बोलावून घेतले होते.

एरवी वहाब पोट धरून हसला असता. आता त्याची पाचावर धारण बसली होती. हे गणित आहे म्हणावे, तर पुढचा प्रश्न ठरलेला: तुला कसे ठाऊक? मग तोही त्या कोपऱ्यात. बंडखोराचा मुसलमान उस्ताद म्हटल्यावर तर दुप्पट मार. घरी बायकोला, मुनिराला, सातवा महिना लागला होता.

"बोल."

"नै पछानता, साब."

बद्रीनाथने मान वर केली. आता हा बोलणार, वहाबला वाटले. बोलायला हवेच होते त्याने.

"ह्यांचा काय संबंध नाय," बद्रीनाथ म्हणाला. "समदं म्याच लिवलंय."

जमादाराने वहाबला हातानेच जायला सांगितले. पायऱ्या उतरताना त्याला सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची इतकी लाज वाटली, की उस्मानपुऱ्यातले घर येईपर्यंत त्याने कुणाकडे पाहिले नाही.

चौथ्या दिवशी बद्रीनाथची बायको द्वारकाबाई गिरणीच्या फाटकाशी आली. नवऱ्याला तुरुंगात नेले होते. कुठल्या, ते तिला कुणी सांगत नव्हते.

"वहाबभाई, मला काय लिवता-वाचता येत नाय. त्या वहीत व्हतं तरी काय?"

"गणित होतं, बाई. शेगडीला वीज किती लागते, त्याचं."

"निस्तं गणित?"

"निस्तं गणित."

तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा जीव आला.

"मग चला की. एवढंच सांगा त्यायला. तुमी मुसलमान, गिरणीतले जुने. तुमचं ऐकतेन ते."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालूही लागली. दहा-बारा पावलांवर तिला कळले, की मागे कुणी येत नाही. ती वळली. वहाबला काही अडचण असेल, येईलच, असे समजून ती तिथेच उन्हात थांबली.